शेवटची चिठ्ठी लिहिणारीची

परवा शेजारच्या पाटलांकडची लग्नपत्रिका आली. हातात घेतल्याबरोबर मी आधी ती दोन बोटांत धरून पाहिली, कागद जाड आहे का पातळ. मग स्वतःचाच राग आला. आता जाड असली काय नि पातळ असली काय, मागायला येणारी रूथबाई मागच्या पावसाळ्यात पुसदला गेली. गेली म्हणजे वारलीच.

मारेगावात कोणाचंही लग्न निघालं की रूथबाईचा पहिला प्रश्न पत्रिकेचा असायचा. मुलगी कोणाची, मुलगा काय करतो, पंगतीत काय होतं, याच्याशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. लग्नाला आठ दिवस झाले की ती पिशवी घेऊन त्या घरी जायची आणि उरलेल्या पत्रिका मागून आणायची. तांड्यावरच्या बाया तर तिच्यासाठी गठ्ठा बांधून ठेवत. "बाईचे कागद" म्हणत. अलीकडे लोक मोबाईलवरच पत्रिका पाठवायला लागले, त्याचा तिला भयंकर संताप होता. "मोबाईलच्या पाठीवर लिहू का मी?" असं तिनं एका नवरदेवाच्या बापाला भर रस्त्यात विचारलं होतं. त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पेढे पाठवले.

हे सगळं कशासाठी, तर आमच्या चर्चसाठी. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आमच्याकडे घरटी एक वचन काढतात. देवाच्या वचनाची एक ओळ लिहिलेली चिठ्ठी ताटातून उचलायची, सगळ्यांसमोर वाचायची आणि घरी नेऊन दाराच्या चौकटीवर लावायची. वर्षभर तेच त्या घराचं वचन. शहरात छापील मिळतात, चकचकीत. आमची मंडळी लहान, बेचाळीस घरांची, आणि आमच्या चिठ्ठ्या रूथबाई हातानं लिहायची. झरीकडच्या खेड्यांत तिनं तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना अक्षर शिकवलं होतं. तिचं अक्षर असं की उसनं मागून न्यावं. पत्रिका कापून ती पत्त्यांएवढे तुकडे करायची. कोऱ्या बाजूला निळ्या शाईत वचन आणि मागच्या बाजूला कोणाच्या तरी लग्नाचा तुकडा.

एका वर्षी नवे पाळकसाहेब आले होते. त्यांच्या वाट्याला जी चिठ्ठी आली तिच्या मागं गणपतीची अर्धी सोंड. साहेब म्हणाले, "रूथबाई, हे बरं दिसत नाही."

"साहेब, तुमी पुढचं वाचा ना," ती म्हणाली. "मागं कोण उभं आहे ते कायले पाह्यता?"

मंडळी हसली. साहेब हसले नाहीत, पण चिठ्ठी त्यांनी घरी लावली. सोंड भिंतीकडे करून.

लोकही काही कमी नव्हते. सोनेरी पाठीच्या चिठ्ठ्या आधी उचलायचे. मग तिनं ताटावर विणलेला पांढरा रुमाल टाकायला सुरुवात केली. हात रुमालाखाली घालायचा आणि पहिली लागेल ती घ्यायची. कोणी चाचपडायला लागलं की ती बाकापाशी उभी राहून म्हणायची, "पाहून नको घेऊ, घेऊन पाह्य." हे वाक्य आमच्या मंडळीत इतकं मुरलं होतं की पोरं भाजी घेताना, कपडे घेताना तेच म्हणायची. ताट ती स्वतः फिरवायची, कोणाच्या हातात देत नसे. शेवटी एक चिठ्ठी उरायची, ती तिची. लिहिणारीनं शेवटची घ्यायची हा नियमही तिचाच.

माझा नि तिचा शेजार बावीस वर्षांचा. मी एस.टी.त कंडक्टर होते, वणी-यवतमाळ गाडीवर. त्यामुळे माझा आवाज मोठा आणि जीभ त्याहून. चर्चमध्येही मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते, ती सवय गाडीतली. एका वर्षी माझ्या हाताला घर लेकराबाळांनी भरण्याचं वचन लागलं. माझ्या लग्नाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती, आणि गर्भाशय काढून दोन. मी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचलीच नाही. प्रार्थना संपल्यावर सगळ्यांसमोर तिला गाठलं आणि म्हटलं, "ही घे परत. दुसरी दे."

"बदलत नाही वं."

"माझी थट्टा आहे ही."

"थट्टा असन तर त्याले विचार. लिवनारी मी आहे, वाटनारी मी नाही."

मी चिठ्ठी तिच्या अंगावर फेकली आणि घरी आले. दुपारी ती वाटीत खळ घेऊन आली, माझ्या चौकटीवर ती चिठ्ठी स्वतःच्या हातानं चिकटवली आणि चहा न घेता गेली. मी वर्षभर त्या चिठ्ठीखालून ये-जा केली आणि वर्षभर रोज मला ती बोचली. घर काही भरलं नाही. पण रूथबाई कोणासाठी नियम वाकवत नाही, माझ्यासाठीही नाही, याचा मला पुढं पुढं आधार वाटायला लागला. निदान एक माणूस तरी जागेवरून हलत नाही, असं.

तिला विजया नावाची मुलगी, पुसदला दिलेली, आणि शांतवन नावाचा मुलगा. नवरा कधीचाच गेलेला. शांतवन चौतिसाचा होता, वायरमनचं काम करायचा, लग्न झालेलं नव्हतं. हसला की त्याचा एक डोळा बारीक व्हायचा. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली आणि मंगळवार-शुक्रवार यवतमाळला डायलिसिस सुरू झालं. मायलेक सकाळी माझ्याच गाडीत चढायचे. रूथबाई माझ्या मागच्या सीटवर, शांतवन खिडकीला, मध्ये डब्याची पिशवी. मी जवळ गेले की ती रोज तेच म्हणायची, "दोन यवतमाळ." मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं की मला माहीत आहे, पण ती म्हणायचीच. मास्तरीणबाई ना. परतीच्या गाडीत तो तिच्या खांद्यावर झोपलेला असायचा. करंजीला गाडी चहाला थांबली तरी ती उतरायची नाही, खांदा हलेल म्हणून.

त्या आजारपणात जे नवं वर्ष आलं, त्या सकाळी चर्च भरलेलं होतं. ताट फिरलं. शेवटची चिठ्ठी तिनं उचलली आणि वाचली. आजारी माणसाला बरं करून उठवण्याचं वचन होतं ते. सगळी मंडळी एकदम "हालेलूया" म्हणून उठली. बाया रडल्या. मीही रडले, मी! लोकांनी जाऊन शांतवनचे हात धरले. त्या चिठ्ठीच्या मागं उठावाचा मोर होता, सोनेरी, बोटाला लागणारा. तिनं ती चौकटीवर लावली आणि येणाराजाणारा ती वाचून आत यायचा.

कापसाला बोंडं धरायच्या दिवसांत शांतवन गेला. शुक्रवार होता. यवतमाळहून गाडीनं आणला.

त्यानंतरचं मला नीट क्रमानं सांगता येत नाही, कारण काही घडतच नव्हतं. रूथबाई रडली नाही. कबरस्तानातून आली, पाय धुतले, विचारलं, "गॅस बंद केलता का कोणी?" चहात साखर घालू का विचारलं तर हो. खिडकी लावू का, हो. उघडू का, हो. ताट पुढं ठेवलं की जेवायची, उचललं की बसून राहायची. विजया पंधरा दिवस राहिली आणि गेली. मला वाटायचं मी तरी रडावं तिच्या वतीनं, पण मलाही काही येत नव्हतं. त्याच महिन्यात मी निवृत्त झाले. हार घातले, फोटो काढले, मला त्यातलं काही आठवत नाही.

भेटायला येणारे मात्र बोलायचे. "देवाची योजना असते, बाई." "त्याच्या मनात काहीतरी असेल." ती म्हणायची, "हो." हे सगळे त्याच मोराखालून आत येत होते, आणि बसल्यावर वर चौकटीकडे पाहायचं टाळत होते. गाडीत असते तर घंटी मारून एकेकाला तिथंच उतरवलं असतं. शांतवनचा एक मित्र फक्त खरं बोलला. दाराशी उभा राहून म्हणाला, "मावशी, देवानं तर लिहून दिलं होतं ना?" तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला हो म्हणाली नाही.

त्या दुपारी मी भाकरी घेऊन गेले तेव्हा ती दारात बसली होती, नजर वर.

"कमल, मी लबाडी केली," ती म्हणाली.

मला वाटलं डोकं फिरलं. भाकरी खाली ठेवून मी पायरीवर बसले.

"मोराची एक जास्तीची चिठ्ठी लिवून मी अंगठ्याखाली दाबून ठेवलती," ती म्हणाली. आवाज शाळेत हजेरी घ्यावी तसा. "बोटाले लागते ना मोर, म्हणून त्याच्यावर लिवलं बरं होण्याचं. ताट साऱ्या चर्चमधून फिरवलं, अंगठा नाही हालवला. मीच लिवलं, मीच दाबलं, मीच काढलं. वरून साऱ्यायले वाचून दाखवलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेलेल्या पोराच्या आईवर ओरडू नये, कळतं मला. पण ओरडले. "माझी बदलू दिली नव्हतीस तू! लेकरांची चिठ्ठी माझ्या दाराला चिकटवून गेलीस!"

"गेलती."

"आणि स्वतःची?"

"सोताची बदलली." तिनं वर मोराकडे पाहिलं. "तो पोरगा म्हणते, देवानं लिहून देल्लं होतं. त्यानं कुठं देल्लं? त्याले तं मी बोलूच नाही देल्लं, कमल."

मी विचारलं, "मग ताटात खरी कोणती उरली होती?"

ती उठली. मोराच्या चिठ्ठीचा एक कोपरा खळ सुटून वर आला होता. नखानं तो उचलून तिनं मला दाखवलं. आत अजून एक चिठ्ठी होती, अक्षर चौकटीकडे, पाठ आपल्याकडे. पाठीवर लाल शाईत 'आमचे येथे' एवढंच छापलेलं. फेकायची छाती झाली नाही आणि वाचायचीही नाही, म्हणून तिनं ती मोराच्या मागं लपवून दोन्ही एकदम चिकटवल्या होत्या.

"वाच की आता," मी म्हटलं. "तूच लिहिलेली ना? सगळी चांगलीच वचनं लिहितेस तू."

"साऱ्या गोडच आहेत. कोणती कुठं गेली ते नाही माहीत मले." तिनं कोपरा परत दाबून बसवला. "वाचली अन् तिच्यातही माझ्यासाठी काही नसलं, तं मंग मी कोणाले धरू? आता निदान हे तरी आहे, का नाही वाचली."

मी भाकरी आत ठेवली आणि घरी आले.

डिसेंबरात पाळकसाहेब म्हणाले की यंदा छापील आणू, बाईंना त्रास नको. तिनं निरोप पाठवला, मी लिहीन. माझ्याकडून कात्री धार लावून आणवली. पत्रिकांचे तुकडे अंगणात वाळत घातल्यासारखे मांडून ती बसायची, चष्मा नाकावर, आणि लिहायची. मी एकदा वाकून पाहिलं. अक्षर तसंच होतं, एकही रेघ वाकडी नाही. त्यामुळे मला उलट भीतीच वाटली.

नव्या वर्षाच्या सकाळी ती पांढऱ्या पातळात आली. तिच्या दाराची चौकट मी येतानाच पाहिली होती, कोरी होती. लोक तिच्याकडे पाहत नव्हते, ताटाकडे पाहत होते. एकेक हात रुमालाखाली गेला, एकेक घर वाचत गेलं. कोणी फार मोठ्यानं हालेलूया म्हटलं नाही. ताट शेवटच्या बाकाशी, माझ्यापाशी आलं. मी नजर खाली घातली आणि हात रुमालाखाली घातला.

दोनच चिठ्ठ्या होत्या. एक माझी, एक तिची. माझ्या बोटाला पहिली लागली ती कडेला खरखरीत होती. खळ वाळली की होते तशी.

मला कळायला वेळ लागला नाही. न वाचताच तिनं मोरामागची ती चिठ्ठी चौकटीवरून काढली होती आणि ताटात टाकली होती. बेचाळीस हात फिरून ती जिथं जायची तिथं जाऊ दे म्हणून. दोन्ही अंगठे तिनं ताटाच्या बाहेर, काठाखाली धरलेले होते, मला दिसावेत असे.

"कायले चाचपून राह्यली?" ती हळूच म्हणाली. "पाहून नको घेऊ."

नियमानं ती माझी होती. पहिली लागली ती आपली. मी ती सोडली. दुसरी घेतली, गुळगुळीत. का, ते मला आजही सांगता येत नाही. तिला तिची मिळावी म्हणून सोडली, की त्या चिठ्ठीला मीच घाबरले, देव जाणे. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिच्या हातात जे आलं ते वाटणाऱ्यानं दिलं की एका निवृत्त कंडक्टरनं, याचा हिशेब मी अजून लावत बसते आणि लागत नाही.

तिनं रुमाल काढला. लाल 'आमचे येथे' वर होतं. उलटी करून चष्म्याजवळ नेली आणि वर्गात वाचावं तशी स्पष्ट वाचली. माणसाच्या डोळ्यांतलं सगळं पाणी देव आपल्या हातानं पुसून टाकील, असं ते वचन होतं. मंडळीत आता कोणाला तरी हुंदका आला. तिला नाही. ती ताट ठेवून जागेवर बसली आणि पुढचं गाणं सुरू झालं.

घरी जाताना ती वाटेत थांबली. "कमल, त्याले माहीत होतं वं," म्हणाली. "बरं करतो असं नव्हता म्हणत तो. रडाची पाळी येनार, अन् मी आहे, असं म्हणत होता. अन् मी मोर घेऊन बसली." मग तिनं डोळ्याखाली बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं होतं. "पण पुसाले आधी काही पाहिजे ना डोयात."

ती चिठ्ठी तिनं चौकटीवर लावली. मोर शांतवनच्या पेटीत, पक्कड-टेस्टरसोबत ठेवून दिला. त्यानंतर ती भेटणाऱ्यांना हो म्हणेनाशी झाली. कोणी योजनेचं बोललं की म्हणायची, "असन. मले सांगतली नाही त्यानं. पण तो आहे, एवढं सांगतलं." बोलताना चेहरा तसाच, भिंतीसारखा. जेवायची, झोपायची, चर्चला यायची. तीन महिन्यांत डोळा ओला झाला नाही.

एप्रिलात विजयानं तिला पुसदला बोलावून घेतलं. यवतमाळला जावई घ्यायला येणार होता, तिथपर्यंत ती एकटीच जाणार होती. सकाळची गाडी, माझीच जुनी. मी स्टँडवर सोडायला गेले, कंडक्टरच्या मागची सीट धरून दिली. पिशवी तिनं शेजारच्या सीटवर ठेवली आणि स्वतः खिडकीला न बसता अलीकडं बसली. मी खाली उतरून खिडकीपाशी उभी राहिले. कंडक्टर नवीन पोरगी होती, मशीन घेऊन आली.

"कुठं जायचं, आजी?"

"दोन यवतमाळ," रूथबाई म्हणाली.

"दोन? दुसरं कोण आहे?"

रूथबाईनं खिडकीकडच्या सीटकडे पाहिलं. तिथं पिशवी होती. ती पाहतच राहिली. कंडक्टर पोरीनं पुन्हा विचारलं, "आजी, दुसरं कोण?" आणि तेव्हा तिचं तोंड उघडलं. आधी आवाजच आला नाही. मग आला, आणि सगळी गाडी वळून पाहायला लागली. सात महिन्यांचं रडणं होतं ते. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. पोरगी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला हातानं खूण केली, एकच दे, आणि घंटी मार.

गाडी हलली. मी स्टँडच्या फाटकापर्यंत खिडकीबरोबर चालत गेले. रूथबाईच्या गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत येत होतं आणि लुगड्यावर पडत होतं. पदर मांडीवर होता, दोन्ही हात पिशवीवर होते. मला दिसत होती तोवर तिनं डोळे पुसले नाहीत.